मुंगी दिसते तिथे राहत नाही

(प्रस्तावना)

कर्नल विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यात होता. दख्खनची आकडेवारी गोळा करणं ही त्याची नोकरी. पक्षी, मासे, किडे हा नाद. त्याच्या व्हरांड्यात एका छोट्या मेजावर फळं, केक आणि मुरंबे ठेवलेले असत, आणि त्यांना मोठाले मुंगळे लागत. साहेबानं मेज भिंतीपासून इंचभर सरकवलं, चारी पाय पाण्याच्या भांड्यांत उभे केले, वरून कापड घातलं. काही दिवसांनी मुंगळे पाणी ओलांडून वर आले. रोज मारले तरी दुसऱ्या दिवशी तितकेच हजर. मग त्यानं पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचं कडं फिरवलं. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा मुरंब्यात मुंगळे. हे येतात कुठून, ते काही केल्या कळेना. शेवटी एकदा मेजाजवळून जाताना त्याला दिसलं, की मुंगळे भिंतीवर मेजाच्या फूटभर वर चढतात आणि तिथून अंग झोकून सरळ कापडावर पडतात. ही हकिकत त्यानं १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात लिहून ठेवली आहे.

साइक्सला आपल्या आज्या-पणज्यांनी काही वेगळं सुचवलं नसतं. दूध-तूप ठेवायच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत परवापरवापर्यंत घरोघर होती. वाट्यांतलं पाणी आटलं किंवा त्यावर धुळीची साय धरली, की मुंग्यांना पूल मिळायचा. कपाट गेलं, फ्रिज आला, पण आपली विचार करायची रीत तीच राहिली: मुंगी जिथे दिसते तिथे तिला अडवायचं, मारायचं, पुसायचं. ती आली कुठून, तिथे आणखी किती आहेत आणि तिला नेमकं काय हवं आहे, हे विचारायची सवय आपल्याला नाही. हे पुस्तक त्या तीन प्रश्नांवर उभं आहे. औषधांची नावं त्यात आहेत, पण ती मागच्या प्रकरणांत. आणि वाचकानं थेट तिथे उडी मारू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ओट्यावरची रांग म्हणजे वसाहतीचा लहानसा तुकडा. बाहेर अन्न शोधत फिरतात त्या बहुतेक वयस्क कामकरी मुंग्या. त्या मेल्या तरी वसाहतीचं फारसं बिघडत नाही, कारण त्यांची जागा घ्यायला आत दुसऱ्या तयार असतात. राणी बाहेर येत नाही. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या जातींच्या राण्या इतक्या जगत नसतील, पण रांगेवर फडकं मारल्यानं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

फडकं मारल्यावर काय होतं, ते मात्र एकदा वाकून पाहण्यासारखं आहे. चालत्या रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवा. दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या रेषेशी येऊन थबकतात. शिंगं खाली-वर नाचवत जमीन चाचपतात, मागे वळतात, मागून येणारीला धडकतात. मिनिटभर नुसता गोंधळ. मग एखादी मुंगी पुसलेली पट्टी आडवी-तिडवी चालत ओलांडते, पलीकडचा माग तिला सापडतो, आणि बघता बघता रांग पुन्हा जुळते. मुंगीच्या पोटाच्या टोकाकडून निघणाऱ्या रसायनाचा हा माग असतो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी आग्या मुंग्यांवर केलेलं काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ही भाषा शास्त्राच्या पुस्तकांत नीट आली. घरच्यासाठी त्यातून घ्यायचं ते इतकंच: साध्या पाण्यानं पुसण्यापेक्षा साबणाच्या पाण्यानं पुसा, आणि पुसण्याआधी रांगेचं दुसरं टोक शोधून ठेवा. एकदा पुसलंत की वाट दाखवणारा माणूसच हाकलून दिल्यासारखं होतं.

आता ओळख. मराठी घरात मुंग्यांच्या दोनच जाती मानतात, काळ्या आणि लाल. काळ्या शुभ, चावत नाहीत. लाल अशुभ, चावतात. भारतात मुंग्यांच्या आठशेच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत. सी. टी. बिंगम यांनी १९०३ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर जाडजूड खंड लिहिला. त्याआधी, १८९२ मध्ये, मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर सविस्तर लेख लिहिले होते. एवढं काम झालं असूनही दुकानात जाऊन आपण म्हणतो, ‘मुंग्यांचं औषध द्या.’ ताप आला म्हणून ‘तापाचं औषध द्या’ म्हणावं, तसलाच हा प्रकार.

घरात आणि दुकानात वारंवार भेटणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजता येतील. जेमतेम दीड मिलिमीटरची, डोकं काळपट आणि पोट जवळजवळ पारदर्शक, फरशीवर दिसते-न दिसतेशी एक मुंगी असते. इंग्रजीत तिला भुताची मुंगी म्हणतात. तिला कोकम सरबताचा थेंब पाजला, तर पोट लालसर झालेलं नुसत्या डोळ्यांना दिसतं. दुसरी फॅरो मुंगी, लिनिअसनं १७५८ मध्ये नाव दिलेली, दोनेक मिलिमीटरची, मधासारखी पिवळट. तिसरी करड्या-काळ्या रंगाची, लांब पायांची आणि लांब शिंगांची. ही रांगेत नीट चालतच नाही, वेड लागल्यासारखी सैरावैरा धावते. चौथी खरी चावरी लाल मुंगी, मातीत राहणारी, एकाच वसाहतीत लहान-मोठ्या आकाराच्या कामकऱ्या, त्यांतल्या काहींची डोकी अंगाच्या मानानं भलतीच मोठी. आणि पाचवा मुंगळा. कुणी त्याला डोंगळा म्हणतं, विदर्भाकडे माकोडा. तो बहुतेकदा झाडाच्या बुंध्याशी मातीत राहतो आणि खिडकीला टेकलेल्या फांदीवरून किंवा केबलवरून आत येतो. त्याच्यासाठी घरात औषध मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे, फांदी छाटा.

चावऱ्या मुंगीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शाळेतल्या पुस्तकानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ती घट्ट बसवली आहे. मुंगीच्या दंशात फॉर्मिक ॲसिड असतं, हे खरं, पण सगळ्या मुंग्यांच्या नाही. मुंगळा ते ॲसिड फवारतो. लाल मुंगी मात्र नांगी मारते आणि तिच्या विषात मुख्यतः अल्कलॉइड वर्गातली रसायनं असतात. म्हणूनच नंतर बारीक पांढरट पुळी येते आणि दोन-दोन दिवस खाज जात नाही. कुणाला दंशानंतर अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीचा सर्वांत महागडा घोटाळा होतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे जमतात आणि सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा ढीग मिळतो. त्यांत कधी पंखवाल्या मुंग्या असतात, पण बरेचदा ती वाळवी असते. वाळवी मुंगीच्या नात्यातली नाही, ती झुरळांच्या नात्यातली. मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या. किडा कागदावर घेऊन भिंगातून पाहा. कंबर बारीक, शिंगं कोपरात वाकवल्यासारखी आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंगी. कंबर सरळसोट, शिंगं मण्यांच्या माळेसारखी आणि चारही पंख सारख्या मापाचे, तर वाळवी. मग हे पुस्तक बाजूला ठेवून दाराच्या चौकटी ठोकून पाहायला लागा.

मुंग्या तोंडात धरून नेतात त्या पांढऱ्या दाण्यांबद्दलही असंच. त्यांना आपण सरसकट अंडी म्हणतो. खरी अंडी इतकी बारीक असतात की सहज दिसतही नाहीत. दिसतात त्या बहुधा अळ्या आणि कोष. हे सांगण्याचं कारण पांडित्य नाही. मोठी मुंगी बारीक कमरेतून घन अन्न गिळू शकत नाही. ती पातळ तेवढं पिते आणि घन तुकडा अळ्यांना भरवते. प्यालेलं अन्न पोटातल्या एका वेगळ्या पिशवीत साठवून घरी जाऊन दुसरीच्या तोंडात ओतते, दुसरी तिसरीच्या. राणीपर्यंत अन्न जातं ते याच वाटेनं. आणि आपल्या हातात मुंग्यांविरुद्ध जे एकमेव खरं हत्यार आहे, ते याच वाटेनं चालतं: आमिष.

आमिषाचं शास्त्र हा या पुस्तकाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. विष इतकं सौम्य हवं, की खाणारी मुंगी लगेच मरू नये. ते घेऊन घरी जावं, वाटावं, आणि मग हळूहळू परिणाम व्हावा. साखरेच्या पाण्यातलं बोरिक ॲसिड हे त्याचं सर्वांत स्वस्त उदाहरण. बोरिक पावडर बहुतेकांना कॅरम बोर्डामुळे माहीत आहे, पण कॅरमची पावडर म्हणून हल्ली दुसरंही काही मिळतं, तेव्हा औषधाच्या दुकानातून शुद्ध घ्यावी. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक ॲसिड, म्हणजे साधारण १ टक्का, हे प्रमाण प्रयोगांत उतरलेलं आहे. घरोघर होतं उलटंच. ‘जरा जास्त घालू, म्हणजे पक्कं काम’ म्हणून चमचाभर पावडर पडते. मुंग्या एक तर तोंड लावत नाहीत, नाहीतर थेंबाशेजारीच मरून पडतात आणि घरधनी खूश होतो. थेंबाशेजारी पडलेल्या मेलेल्या मुंग्या हा अपयशाचा पुरावा आहे. आमिष लावल्यावर पहिले एक-दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि त्या वेळी त्यांच्याकडे शांतपणे बघत बसता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात घरातल्या माणसांना सर्वांत अवघड जाते ती हीच पायरी. आमिष कापसाच्या बोळ्यात, झाकणाला भोक पाडलेल्या डबीत आणि रांगत्या मुलाच्या, कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

सगळ्यांना गोडच आवडतं असंही नाही. वसाहतीत अळ्या वाढत असल्या की प्रथिनांची आणि तेला-तुपाची ओढ वाढते. म्हणून आधी चाचणी घ्यावी. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुळाच्या पाण्याचा एक थेंब आणि शेंगदाण्याच्या कुटाचा तेलकट ठिपका ठेवून रात्री दिवे मालवल्यावर तासाभरानं पाहावं. जिकडे गर्दी, त्या चवीचं आमिष.

फवाऱ्याबद्दल मी थोडा कडवट लिहितो, हे मला मान्य आहे. भुताची मुंगी आणि फॅरो मुंगी यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. उग्र औषध मारलं की कामकऱ्या राणी, अळ्या, कोष उचलून वाट फुटेल तिकडे जातात आणि एका घरट्याची चार होतात. स्वयंपाकघरात फवारलं, मुंग्या बेडरूमच्या स्विचबोर्डात निघाल्या, ही तक्रार ऐकली की मी जात न पाहताही अंदाज बांधतो. रुग्णालयात हे प्रकरण गंभीर होतं. फॅरो मुंगी जखमेच्या पट्टीखाली, सलाइनच्या नळीपाशी, निर्जंतुक केलेल्या पाकिटांतही शिरते. इंग्लंडमधल्या रुग्णालयांतल्या फॅरो मुंग्यांच्या अंगावर रोगजंतू सापडल्याचा अहवाल १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. अतिदक्षता विभागात मुंगी दिसली म्हणून वॉर्डबॉयच्या हाती स्प्रे देणं, याच्याइतकी वाईट सुरुवात नाही. तिथे संपूर्ण इमारतीत, वरच्या-खालच्या मजल्यांसकट, एकाच वेळी आमिष लावावं लागतं.

पावडरींचा इतिहास तर आणखी काळा आहे. डीडीटी आणि गॅमेक्सिन आपल्या घरांत ओट्याखाली, धान्याच्या कोठीभोवती मुठीनं टाकलं गेलं. गॅमेक्सिनमधल्या बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. शेतासाठी आणलेली मिथाइल पॅराथिऑनची भुकटी घरात वापरणारेही होते; तिच्यावर २०१८ मध्ये बंदी आली आणि डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झालं. तरीही सुट्या पुडीत, चिठ्ठीशिवाय, ‘जालीम आहे’ म्हणून काही ना काही विकलं जातंच. बिनलेबलची वस्तू घरात आणू नका. कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. खडूच्या रेघांचं म्हणाल, तर त्या खडूतही कीटकनाशकच असतं, आणि लहान मुलाला तो पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो.

हळदीची रेघ, साखरेच्या बरणीत लवंग, डब्याच्या कडेला हिंग, कापूर: या उपायांची मी थट्टा करत नाही. ते मुंगीला वळसा घालायला लावतात. बरणीपुरतं तेवढं पुरतं. दिवाळीच्या फराळाचा डबा वाचवायचा असेल तर घट्ट झाकण आणि लवंग यांची जोडी झकास आहे. पण मुंगी त्या लवंगेमुळे घर सोडून जाते, असं समजू नये.

मुंगी घरात का येते, याची उत्तरं बहुतेकदा गोडात नसतात. एप्रिल-मेमध्ये ती पाण्यासाठी येते. सिंकखालचा गळका जोड, फिल्टरची ठिबकणारी नळी, एसीचं पाणी. पावसाळ्यात बाहेरचं घरटं बुडतं म्हणून येते. आणि बाल्कनीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा असला, तर त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची अक्षरशः राखण करतात. तिथे मुंगी मारून काय होणार? आधी जास्वंद धुवा. संडासात मुंग्या दिसल्या की घरातले वडीलधारे ‘साखर तपासून घ्या’ म्हणतात, त्यालाही आधार आहे. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण चरकसंहितेतही आहे. अर्थात मुंग्या तिथे नुसत्या ओलीसाठीही येतात, त्यामुळे निदान मुंगीवर न सोडता रक्त तपासावं.

धंद्याच्या जागांसाठी पुस्तकात स्वतंत्र भाग आहे. मिठाईच्या दुकानात, बेकरीत, फरसाणाच्या कारखान्यात मुंगीचा प्रश्न बदनामीचा आणि परवान्याचा असतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आणि त्याखालचे परवान्याचे नियम २०११ चे. त्यांच्या चौथ्या परिशिष्टात कीड नियंत्रण बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय चालतं? वार्षिक करार होतो, महिन्यातून एकदा माणूस येतो, भिंतीच्या कडेकडेनं फवारतो, वहीत सही घेतो आणि जातो. त्याला मालकानं विचारायचे प्रश्न मी दिले आहेत. कोणती मुंगी आहे? घरटं सापडलं का? काय वापरलं, लेबल दाखवता का? मागच्या वेळी आमिष कुठे लावलं होतं आणि त्यातलं किती संपलं? उत्तरं न देणाऱ्याचा करार पुढच्या वर्षी चालू ठेवू नये. पण मालकाचीही बाजू असते. साखरेची पोती भिंतीला चिकटवून जमिनीवर रचलेली, पाकाची कढई रात्रभर उघडी, काउंटरखाली सांडलेल्या पाकाचा थर, शेजारच्या गाळ्याशी सामायिक भिंतीतून आलेल्या वायरींची भोकं उघडी. अशा जागी जगातलं कुठलंही औषध चालत नाही. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि भोकांना व्हाइट सिमेंट, एवढ्यावर अर्धं काम होतं.

शेतकऱ्यांच्या पंपाचा स्टार्टर हेही एक प्रकरण झालं आहे. मोटर चालू होत नाही म्हणून वायरमन बोलवावा आणि पेटी उघडली तर संपर्कबिंदूंमध्ये चिरडलेल्या मुंग्या, हे कुठल्याही गावात विचारा. तिथे उघड्या तारांवर स्प्रे मारणं जिवावर बेतू शकतं. मेन बंद करून वायरमनकडून पेटी साफ करून घ्यायची आणि केबल आत शिरते ती जागा बुजवायची.

एका प्रश्नाला मात्र मी पुस्तकात पूर्ण उत्तर दिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. अनेक घरांत मुंग्यांना पीठ-साखर घालायचा रिवाज आहे, आणि त्याच घरांतून मला बोलावणं येतं. यात विसंगती शोधण्याचं मला कारण दिसत नाही. बाहेरच्या मुंग्या बाहेर बरंच काम करतात. कोकणात, गोव्यात काजूच्या मोहोराला लागणाऱ्या ढेकण्या किडीला हुमले, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मुंग्या, आवर घालतात, आणि त्या बागेत हुमल्यांवर फवारणारा माणूस स्वतःच्याच पिकावर उठतो. झाडाखाली साखर घालणाऱ्यानं ती घराच्या भिंतीपासून लांब घालावी, एवढंच मी म्हणेन.

पुस्तकाची मांडणी मुंगीच्या कमरेपासून सुरू होते, कारण ओळखीची पहिली खूण तिथेच आहे. फॅरो मुंगीच्या आणि लाल मुंगीच्या कमरेला दोन गाठी असतात, मुंगळ्याच्या आणि सैरावैरा धावणारीच्या एकच. भुताच्या मुंगीची गाठ पोटाखाली झाकलेली असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पारदर्शक चिकटपट्टीवर दोन-चार मुंग्या उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा, बाजूला तारीख आणि सापडल्याची जागा लिहा, आणि तो कागद शेजारी ठेवून पहिलं प्रकरण उघडा.